सुदाममामांनी उभी केलेली भिंत

बाजारात आपण कोवळी गवार निवडतो तसे सुदाममामा स्क्रू निवडायचे. नारायणगावच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले की अख्खा खोका काउंटरवर उपडा करायला लावायचे आणि एकेक स्क्रू उजेडाकडे धरून त्याचे आटे बघायचे. डोक्यावरची खाच जरा सरकलेली असली की तो बाजूला. टोक बोथट, तोही बाजूला. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची. दुकानदार वैतागून म्हणायचा, "मिस्त्री, अहो मशीनमधून निघतात ते. सगळे सारखेच."

"मशीनबी कंटाळतं राव," मामा म्हणायचे, आणि निवडणं चालूच.

माझे ते सख्खे मामा नव्हेत. माझं माहेर घोडेगाव. मामा तिथून आणखी पश्चिमेच्या डोंगरातले, भातखाचरांच्या गावचे. त्यांचं सगळं घर भात आणि नाचणी करायचं, हे एकटेच रंधा घेऊन खाली उतरले. आमच्या घरी कपाटाचं काम चालू होतं तेव्हा मी दुसरीत असेन. कामाच्या मधेच राखीपौर्णिमा आली. आईला भाऊ नव्हता. तिने भुशाने पांढऱ्या झालेल्या त्या मनगटावर राखी बांधली आणि मिस्त्रीचे मामा झाले. ती राखी त्यांनी मळून काळी होईपर्यंत काढली नाही, असं आई सांगायची. पुढे त्यांनी नारायणगावला दुकान थाटलं, तरी दर राखीला सकाळच्या गाडीने घोडेगावला यायचे. ओवाळणीच्या ताटात नोटेबरोबर काहीतरी लाकडी ठेवायचे: पोळपाट, रवी, एकदा नुसताच गुळगुळीत घासलेला सागाचा तुकडा. "याचं काय करू मी?" आईने विचारलं. "हातात धर. बरं वाटतं," मामा म्हणाले.

माणूस ठेंगणा. अंगात पायजमा-सदरा, कानामागे पेन्सिल, आणि काम चालू असलं की दोन ओठांत पाच-सहा स्क्रू. त्यामुळे कामाच्या वेळी त्यांचं निम्मं बोलणं "हूं"वर भागायचं. एक हूं होकाराचा, एक नकाराचा आणि एक "मला मधे बोलायला लावू नकोस"चा. आम्हा घरच्यांना तिन्ही ओळखू यायचे. निदान मला तसं वाटायचं.

लाकडाच्या बाबतीत मात्र ते कुणाची भीड ठेवत नसत. माझ्या लग्नात वडिलांनी मंचरच्या दुकानातून तयार पलंग आणला होता. मांडवात सगळ्यांना तो दाखवून झाला. सासरची राजुरीची मंडळी कौतुक करत होती. मामा आले, पलंगाच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून एकदा दाबलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खिळ्यांवर उभा केलाय. सा महिनं टिकंल."

वडिलांचा चेहरा उतरला. माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आई मामांना कोपऱ्यात घेऊन रागावली, "दादा, ही वेळ होती का बोलायची?"

"मग कवा बोलू? पोरगी पडल्यावर?"

लग्नानंतर आठवड्याच्या आत मामा पिशवी घेऊन राजुरीला हजर. निमंत्रण नाही, निरोप नाही. पलंग अंगणात काढला, एकेक खिळा उपसला, भोकं बुजवली आणि चारही कोपऱ्यांना नट-बोल्ट बसवले. सासूबाईंनी जेवायचं ताट वाढून दोनदा बोलावलं. "झाल्याबिगर न्हाई," म्हणाले. उन्हं कलल्यावर जेवले. जाताना सासूबाईंना म्हणाले, "आता नातवंडं नाचू देत." त्या दिवसापासून आमच्या घरात मामांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. शेजारीपाजारी कुणाचं दार बसवायचं असलं तरी सासूबाई सांगायच्या, "सूनबाईच्या मामाला विचारा. त्यो तोंडावर खरं सांगंल."

आणखी एक गोष्ट ते स्वतःच मोठ्या हौसेने सांगायचे. नारायणगावात एका मंगल कार्यालयाचं काम चालू होतं. तिथे दुसरा एक मिस्त्री स्क्रू हातोडीने ठोकून शेवटचे दोन फेरे तेवढे फिरवायचा. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, पण आत लाकडाचे धागे फाटलेले असतात, स्क्रू नुसता भोकात उभा असतो. मामा त्याच्याशेजारी जाऊन बसले, हातोडी उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि आपला स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. तो भडकला, शिव्या देऊ लागला. मामा म्हणाले, "संध्याकाळी हातोडी घिऊन जा. तवर फिरव." आणि खरंच संध्याकाळी परत दिली.

मी पुण्यात डोळे तपासायचं शिकले, तिथल्याच एका दवाखान्यात काही वर्षं काम केलं. मुलगी झाल्यावर राजुरीला आले आणि घरीच राहिले. राहिले म्हणजे राहूनच गेले. सहा वर्षांनी ठरवलं, नारायणगावला चष्म्याचं दुकान टाकायचं. सासरे म्हणाले, "बघ बाई, वरीसभर बघ. जमलं तर जमलं." त्या "वरीसभर"चा मला राग आला होता. वर्षभर बघायला मी काही पाहुणी नव्हते.

बाजारपेठेतल्या सहा गाळ्यांच्या एका ओळीत एक गाळा रिकामा होता. त्या ओळीच्या मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या शेडमध्ये मामांचं दुकान. मालक एकच. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय असणार! माहेरचा माणूस हाकेवर. मी धावतच मागे गेले आणि मामांना सांगितलं. ते रंधा मारत होते. थांबले.

"हाच गाळा पायजे का?"

"हाच. का?"

"स्टँडाजवळ येक हाय. थोडा लहान हाय. त्यो बघू."

"नको मामा, मला हाच आवडला. तुम्ही आहात ना मागे."

त्यांनी रंध्याच्या पात्यावरचा भुसा झटकला. मग पुन्हा रंधा चालू केला. "हूं," म्हणाले.

अकरा महिन्यांचा करार झाला. सगळ्यांचाच तसा होतो आणि पुढे वाढत जातो, असं शेठ म्हणाले. मीही तेच धरून चालले होते.

गाळ्यात तपासणीची खोली करायची होती. तिला अंधार लागतो आणि लांबी लागते. माझ्याकडे लांबी नव्हती, म्हणून अक्षरांचा तक्ता पेशंटच्या डोक्यामागे लावायचा आणि समोरच्या भिंतीवर आरसा. म्हणजे दहा फुटांत वीस फुटांचं काम होतं. तो आरसा मधल्या लाकडी भिंतीवर बसणार होता. रस्त्यावरून दिवसभर टोमॅटोचे ट्रक. भिंत थरथरली तर आरसा थरथरेल, अक्षरं हलतील आणि धडधाकट डोळ्याच्या माणसालाही नंबर लागेल. हे मी मामांना समजावलं. ते एकदम खूश झाले. त्यांच्या भिंतीकडून आजवर कुणी इतकी मोठी अपेक्षा केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात येऊन त्यांनी सगळीकडे बोटाच्या पेराने टकटक केली. कान लावून ऐकलं. "ही बाजू विटांची. वरचं प्लास्टर पोकळ हाय, आत वीट लागस्तवर जावं लागंल. हितं भोकात लाकडाची गिट्टी ठोकून लांब स्क्रू. तिकडचा पिलर सिमिटाचा, तिथं गिट्टी चालायची न्हाई, फास्टनर. वर स्लॅबला दोन फास्टनर."

"आणि खाली?"

"खाली काय न्हाई. रबराची पट्टी."

"खाली काहीच नाही? मग हलेल की."

"वरून आन् दोनी बाजूंनी धरल्याव खालून कुठं जाती? फरशीला भोक पाडायचं न्हाई."

मग आम्ही दोघं हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मी खिळ्यांचं पुडकं उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन परत ठेवलं. "ट्रकांच्या धक्क्यानं खिळा रोज केसभर भाईर येतो. स्क्रू येत न्हाई." हे खरंच होतं. प्लायला चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून मागून सरस लावू, असं दुकानदाराने सुचवलं, म्हणजे भिंत एकजीव होईल. "सरस न्हाई," मामा म्हणाले. "प्लायला बारीक स्क्रू. वीतभर अंतरावर येक." भिंतीच्या चार लाकडी चौकटी एकमेकींना जोडायला त्यांनी नट-बोल्ट आणि वॉशर निवडले. एकेक नट बोल्टवर फिरवून पाहिला. जो अडकला तो परत.

भिंत उभी राहत होती तेव्हा मी शिडी धरून उभी होते. ते वर, ओठांत स्क्रू. मी सहज म्हणाले, "मामा, इतके नट-बोल्ट कशाला? मला काही ही भिंत परत हलवायची नाहीये. दहा वर्षं तरी इथेच आहे मी."

"हूं," ते म्हणाले.

तो कोणता हूं होता ते मी पाहिलंच नाही. माझं लक्ष शिडीकडे होतं.

आरसा बसल्यावर त्यांनी मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि दारात जाऊन ट्रकची वाट बघत उभे राहिले. ट्रक आला, गाळ्याच्या शटरने कड्कड् आवाज केला. "अक्षर हललं?"

"नाही."

"खालचं बारकं?"

"तेही नाही."

मी रडायच्या बेतात आले होते. उद्घाटनाला सासरे आले, त्यांनी भिंतीला खांदा लावून बघितला आणि मान डोलावली. मामा पेढा खाऊन शेडमध्ये निघून गेले. फोटोत आलेच नाहीत.

दुकान चाललं. द्राक्षांची विरळणी करणाऱ्या बाया यायच्या. त्यांना मणी दिसायचे नाहीत आणि मुकादम ओरडायचा. जीपवाले यायचे, बाजार समितीतले हमाल यायचे. एका म्हातारीने चष्मा लावल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या नखांकडे बघितलं आणि लाजून हात पदराखाली घेतले. दुपारी मामा मागच्या दाराने यायचे, आम्ही दोघं चहा प्यायचो. दहा महिने रोज. या दहा महिन्यांतला प्रत्येक चहा मी नंतर आठवून बघितला.

डिसेंबरात शेठ आले. दुकानभर नजर फिरवून गोड आवाजात म्हणाले, "ताई, करार काय पुढं वाढवता येणार नाही बघा. पुतण्या मोबाईलचं दुकान टाकतोय. त्याच्यासाठीच ठेवला होता गाळा. मधे वर्षभर रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून तुम्हाला दिला."

मी भांडले. कुणाकुणाला मधे घातलं. काही झालं नाही. करारात जे होतं ते होतं. शेठचा मला राग आला, पण तो सरळ राग होता. घरमालकाचा येतो तसा. रडले ते मामांच्या शेडमध्ये जाऊन. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "भित काढायला मी येतो," एवढंच म्हणाले.

ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक पान्हा होता. पहार नाही, हातोडी नाही. आधी आरसा उतरवला. मग प्लायचे स्क्रू फिरवून काढले आणि डब्यात टाकले. प्लाय निघाला आणि आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या. प्रत्येक चौकटीवर पेन्सिलने आकडे होते: एक, दोन, तीन, चार. शेजारी बाण, कुठली बाजू वर ते सांगणारे. अक्षर मामांचं. भुसा बसून पुसट झालं होतं, पण वाचता येत होतं.

"हे आकडे कधीचे, मामा?"

"उभी करतानाचं."

"उभी करताना आकडे कशाला? उभी तर एकदाच करायची होती."

ते नट सोडवत राहिले. मी पुढे काही विचारणार इतक्यात शेठचा पुतण्या आत आला. हातात फोन, चेहऱ्यावर आनंद. बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. "मिस्त्री, काउंटरचं माप तेच ना आपलं? मागच्या वर्षीच्या दिवाळीत घेतलेलं? का परत घ्यायचं?"

मागच्या वर्षीच्या दिवाळीत. मी गाळा घेतला त्याच्याही दोन महिने आधी.

मामांनी पान्हा खाली ठेवला. "त्येच हाय," ते म्हणाले. पुतण्या गेला.

मी खुर्चीवर बसले. पेशंटच्याच. "तुम्हाला माहीत होतं."

"व्हतं."

"करार व्हायच्या आधीपासून?"

"तुला म्हनलो व्हतो, स्टँडाजवळचा बघू."

"म्हणालात. का बघायचा ते नाही म्हणालात."

ते चौकटीकडे बघत बोलले. "शेड शेठची. मशीन हितं, लाकूड हितं. साही गाळ्यांचं काम मला देनार व्हता. मी तुला सांगितलं असतं तर तू गाळा घेतला नसता, त्याला कळलं असतं. साठीला आलो. शेड गेली तर रंधा कुठं ठेवू?" मग त्यांचा आवाज जरा चढला, जणू आता पायांखाली पक्की जमीन लागली होती. "पर मी तुजं नुकसान हू दिलं न्हाई. बघ ही पट्टी. येक चीर न्हाई. प्लायला कुठं डाग न्हाई. फरशीला भोक न्हाई, म्हून शेठ तुजं डिपॉझिट अडवू शकत न्हाई. हीच भित दुसरीकडं घंट्यात उभी राहती. खिळं मारलं असतं तर सरपण झालं असतं. मी समदं इचार करून केलं व्हतं."

त्यांनी मला एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. खिळा खरंच ढिला पडतो. सरस लावला की प्लाय पुन्हा निघत नाही. त्यांना माझी काळजी होती, आणि ती त्यांनी प्रत्येक स्क्रूमध्ये घातली होती. फक्त मला सांगितलं नव्हतं.

"मला लाकूड नको होतं, मामा," मी म्हणाले. "एक वाक्य हवं होतं."

"हूं," ते म्हणाले. ओठांत त्या वेळी एकही स्क्रू नव्हता.

चौकटी टेम्पोत चढवताना त्यांनी खालून हात दिला. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. चारही चौकटी राजुरीला गोठ्याजवळ उभ्या केल्या. सासऱ्यांनी वैरणीला आडोसा म्हणून त्या बांधून टाकल्या, सुतळीने. "वरीसभर बघ" हे ते पुन्हा म्हणाले नाहीत, ही त्यांची माया. आईला मी काय झालं ते सांगितलं. त्या वर्षी राखीला मामा घोडेगावला गेले की नाही, ते मी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही.

सात-आठ महिने घरी बसून मग मी घोडेगावलाच दुकान टाकलं, पंचायत समितीच्या मागच्या गल्लीत. कामाला आलेले डोंगरातले लोक साहेब जेवायला गेले की माझ्याकडे येऊन बसायचे. तपासणीच्या खोलीला पडदा लावला.

एका दुपारी बाकावर चौघं बसले होते, त्यात सुदाममामा होते. वाळले होते. सदरा इस्त्रीचा. मी नंबराने एकेकाला घेत गेले. त्यांची पाळी आली तेव्हा मी कार्ड पुढे ओढलं आणि पेन उघडलं.

"नाव?"

ते माझ्याकडे बघत राहिले. शेजारची बाई आमच्याकडे बघू लागली. मग त्यांनी कचेरीत सांगतात तसं आधी आडनाव सांगितलं, मग "सुदाम." मी लिहिलं. वय विचारलं, लिहिलं. गाव विचारलं. तपासलं. लांबचं चांगलं होतं, जवळचं काहीच दिसत नव्हतं. हातात छापील तक्ता धरून ते लांब नेत होते, पुन्हा जवळ आणत होते. कार्ड त्यांच्याकडे देऊन मी म्हणाले, चार दिवसांनी या.

चार दिवसांनी ते आले. मी चष्मा त्यांच्या कानांवर नीट बसवला, दांडी जरा वाकवली आणि वाचून बघायला छापील तक्ता पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि ते वाचू लागले, बोट फिरवत, ओठ हलवत. मधेच बोट थांबलं.

"धोंडू," ते म्हणाले. "सुदाम धोंडू."

त्यांनी वडिलांचं नाव सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आमच्या घरच्या कपाटाच्या पाठीला पेन्सिलने ते पूर्ण नाव लिहिलेलं आहे. दुसरीत असताना मी त्यावर बोट फिरवून अक्षरं गिरवायचे. हात आपोआप लिहून गेला होता.

मामांनी मान वर केली. जवळच्या चष्म्यातून मी त्यांना नुसती धुरकट दिसत असणार. ते काहीतरी बोलायला आले होते, किंवा मला तसं वाटलं. मी बाकाच्या दिशेने बघितलं.

"पुढचे कोण?"

ते उठले. कार्ड खिशात ठेवलं. चष्मा डोळ्यांवर तसाच. दुकानाच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. जवळचा चष्मा लावून चाललं की जमीन वर आल्यासारखी वाटते, पाय चुकतो. म्हणून चष्मा काढून उतरा, हे मी येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगते. मामा पहिल्या पायरीपाशी थांबले, एक पाय पुढे करून हवेत चाचपडला, चौकटीला हात टेकवला आणि अंदाजाने उतरले.

त्यांना मी सांगितलं नाही.